मिलिंगचं टेबल आपोआप सरकतंय? जिब आवळण्याआधी हे तपासा

हाताने चालवायच्या मिलिंगवर एकच तक्रार वेगवेगळ्या रूपात येत राहते. जॉबची बाजू छान चालली होती, मध्येच खट्कन आवाज आला आणि कटर आत घुसला. 16 मिमीचा स्लॉट 16.2 निघाला. हँडलच्या रिंगवर माप बरोबर होतं, पण तपासणीत दोन बोअरचं सेंटर 0.08 ने बाहेर गेलं. ऑपरेटर सांगतो, "टेबल सरकतंय." आणि तो बरोबरच सांगत असतो. मग कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर घेतं, जिब (स्लाइडमधली फट भरणारी पाचरीसारखी पट्टी) आवळतं, टेबल जड होतं, दोन दिवस बरं वाटतं आणि आठवड्याभरात तीच तक्रार पुन्हा हजर.

भोसरीपासून शिरोली-अंबडपर्यंतच्या लहान वर्कशॉपमध्ये जी एम1टीआर जातीची टरेट मिलिंग मशीन दिसतात आणि जुन्या एचएमटीच्या एफएन2 सारखी जी अजून चांगली राबतायत, त्या सगळ्यांना हे लागू आहे. मूळ रचना सगळीकडे तीच: वर टेबल, त्याखाली सॅडल, त्याखाली हे सगळं उचलणारा नी, आणि प्रत्येकाला डव्हटेल (तिरक्या कडांची) किंवा चौकोनी स्लाइड, एक जिब, एक स्क्रू आणि एक लॉक.

जिब आवळून प्रश्न सुटत नाही, कारण टेबल एकाच कारणाने सरकत नाही. चालीच्या दिशेने ते सरकतं स्क्रू आणि नटमधल्या बॅकलॅशमुळे (आट्यांमधल्या मोकळिकीमुळे) किंवा स्क्रूच्या बेअरिंगमधल्या प्लेमुळे, म्हणजे ढिलाईमुळे. आडवं किंवा तिरकं सरकतं जिबच्या फटीमुळे. आणि लॉक धरत नसेल किंवा लॉक आवळतानाच टेबल हलत असेल, तर ते तिसरंच दुखणं आहे. जिब हा फक्त दुसऱ्यावरचा इलाज. पहिल्यावर जिब आवळणं म्हणजे ब्रेक दाबून गाडी चालवणं: स्लाइड घासते, हात दुखतो, बॅकलॅश जिथल्या तिथे राहतो.

आधी टेबलच सरकतंय ना, ते बघा

निम्म्या वेळा दोष टेबलचा नसतो. खोली हळूहळू वाढत चालली असेल तर पहिला संशय कोलेटवर (कटर पकडणाऱ्या चिरलेल्या नळीवर) घ्या. जास्त हेलिक्सचा (जास्त पिळाचा) एंडमिल कटर काम करताना स्वतःला खाली ओढतो, आणि कोलेट तेलकट किंवा झिजलेलं असेल तर कटर त्यातून मिलिमीटरभरसुद्धा बाहेर येतो. कटरच्या शँकवर (दांड्यावर) कोलेटच्या तोंडालगत मार्करने रेघ मारा. काम झाल्यावर रेघ आणि कोलेट यांच्यात फट दिसली तर नीला हात लावायची गरज नाही. कोलेट आणि शँक कोरडे पुसा, कोलेटला वर ओढून धरणारा ड्रॉबार नीट आवळा, कोलेट संपलं असेल तर बदला.

दुसरा संशयित जॉब पकडणारा व्हाइस. दोन डायल (बारीक हालचाल मोजणारे गेज) घ्या, एक टेबलच्या कडेवर, एक थेट जॉबवर. मशीन बंद ठेवून जॉब हाताने जोरात ढकला. जॉबची डायल हलली आणि टेबलची हलली नाही, तर व्हाइसचे बोल्ट, खालचा कचरा किंवा आवळताना उचलला जाणारा हलता जबडा यांच्याकडे बघा. तिसरा संशयित हेड आणि रॅम, म्हणजे कटर फिरवणारं डोकं आणि त्याला धरणारा वरचा हात. टरेटचे (हा हात ज्यावर फिरतो त्या भागाचे) बोल्ट सैल असतील तर टेबल बिचारं जागेवरच असतं, वरचं डोकं सरकतं.

एवढं तपासूनही टेबलची डायल हलत असेल, तर पुढे.

बॅकलॅश नक्की कुठे आहे

इथे बहुतेक जण घाई करतात. हँडल फुकट किती फिरतं ते बघून "नट गेला" असा निकाल लावतात. पण ती फुकट फिरण नट आणि बेअरिंग दोघांची मिळून असते, आणि बेअरिंगचा प्ले बऱ्याचदा अर्ध्या तासात निघतो.

आधी एकूण किती ते मोजा. 5 मिमी पिचचा (एका फेऱ्यात 5 मिमी सरकवणारा) स्क्रू असेल आणि हँडल 18 अंश फुकट फिरत असेल तर 0.25 मिमी बॅकलॅश आहे. जुन्या मशीनवर 0.5 सुद्धा सापडतो. आता हा कुठून आला ते वेगळं काढायचं. स्क्रूच्या टोकाला सेंटर होल असतं. त्यात ग्रीसचा ठिपका ठेवून एक लहान स्टीलची गोळी चिकटवा, बेअरिंगमधून निघालेली चालेल. प्लंजर डायलचं सपाट टोक त्या गोळीवर टेकवा. डायलचं मॅग्नेटिक स्टँड मात्र स्क्रूचं बेअरिंग ज्या भागात बसलंय त्याच भागावर लावा, म्हणजे टेबल लांबीच्या दिशेने चालवणारा स्क्रू मोजताना टेबलच्या टोकाच्या ब्रॅकेटवर. आता हँडल पुढे-मागे हलवा, इतकं की टेबल दोन्ही दिशांना जेमतेम ओढलं जाईल. गोळीवरची डायल हलली तर तेवढा प्ले बेअरिंगचा. एकूण बॅकलॅशमधून तो वजा करा, उरलेला नटचा.

बेअरिंगचा निघाला तर आधी हँडलचा नट आणि रिंगच्या मागचा लॉकनट बघा. बऱ्याच मशीनवर बेअरिंगच्या आतल्या रिंगा त्याच नटच्या दाबाने पकडलेल्या असतात. हँडल काढून घालताना नट नुसता हाताने फिरवून ठेवला असेल तर बेअरिंग नवं असूनही स्क्रू पुढे-मागे खेळतो. नट आवळल्यावर स्क्रू गुळगुळीत फिरला पाहिजे. खरखर लागली तर बेअरिंग बदलायचं, नुसतं आवळायचं नाही.

नटचा निघाला तर मशीनप्रमाणे काम बदलतं. एम1टीआर जातीच्या पुष्कळ मशीनवर ब्राँझचा नट अर्धवट चिरलेला असतो आणि स्क्रूने त्याचे दोन भाग जवळ-लांब करून बॅकलॅश कमी करता येतो. तो सेट करताना टेबल मध्यावर ठेवू नका. स्क्रू मध्यभागी जास्त झिजतो, कारण व्हाइस मध्ये बसतो आणि सगळं काम तिथेच होतं. मध्यावर गच्च सेट केलेला नट टोकाकडे, जिथे स्क्रू अजून जाड आहे, तिथे अडकतो आणि मग हँडलला लोंबकळून फिरवावं लागतं. म्हणून टोकाकडे, जिथे सर्वांत घट्ट लागतं तिथे सेट करा आणि मध्यावर जो प्ले उरेल तो स्वीकारा. माझ्या मते 0.10 ते 0.15 उरला तर मशीन उत्तम आहे. शून्य करायला जाऊ नका, शून्य बॅकलॅशचा साधा स्क्रू म्हणजे जाम झालेला स्क्रू. टोकाला 0.1 आणि मध्यावर 0.5 असा फरक असेल तर स्क्रू आणि नट दोन्ही एकत्र बदला. जुन्या स्क्रूवर नवा नट घालणं हा पैसा वाया घालवायचा प्रकार आहे, झिजलेला स्क्रू नव्या नटचे आटे थोड्याच दिवसांत खाऊन टाकतो.

कटर टेबल का ओढतो

बॅकलॅश असूनही अनेक मशीनवर वर्षानुवर्षं चांगलं काम निघतं. कारण अप मिलिंगमध्ये कटरचा जोर टेबलच्या चालीच्या विरुद्ध असतो. तो टेबलला स्क्रूच्या एकाच बाजूवर दाबून धरतो, त्यामुळे बॅकलॅश असला तरी दिसत नाही. डाउन मिलिंगमध्ये, ज्याला बरेच जण क्लाइंब म्हणतात, कटरचा जोर चालीच्याच दिशेने असतो. तो टेबलला पुढे ओढतो आणि बॅकलॅशएवढी मोकळीक एका झटक्यात खाऊन टाकतो.

हा झटका कागदावर मांडून बघा. 12 मिमीचा चार दातांचा एचएसएस (हायस्पीड स्टील) एंडमिल, माइल्ड स्टील, 25 मीटर प्रति मिनिट वेगाने साधारण 660 आरपीएम. दर दाताला 0.05 फीड धरला तर टेबल मिनिटाला 130 मिमीच्या आसपास चालतं. आता मधेच टेबल 0.3 ने उडी मारतं. त्या क्षणी जो दात समोर आहे त्याच्या वाट्याला 0.05 ऐवजी 0.35 येतो, सातपट. एचएसएसचा दात कदाचित टिकेल, कार्बाइडचा बहुतेक उडेल, आणि व्हाइसमध्ये जॉब कमी पकडलेला असेल तर जॉबच बाहेर येईल.

दिशा ओळखायची सोपी खूण: कटर नेहमीसारखा, वरून बघता घड्याळाच्या दिशेने फिरतोय असं धरा. कटर जॉबवरून ज्या दिशेने जातोय तिकडे तोंड करून उभं असल्याची कल्पना करा. कापायची भिंत डावीकडे असेल तर अप, उजवीकडे असेल तर डाउन. हातालाही कळतं. अपमध्ये हँडल सतत थोडं जड लागतं. डाउनमध्ये ते अचानक हलकं होतं, आपण ढकलायच्या आधीच पुढे जातं. असं हलकं झालं की फीड थांबवून पुन्हा विचार करा.

रफिंग नेहमी अपनेच. फिनिशिंगला डाउन मारायचं असेल तर 0.1 ते 0.2 मिमीचाच कट आणि चालत्या अक्षाचं लॉक अर्धवट लावून, म्हणजे टेबल जाईल पण ढकलावं लागेल इतपत. फक्त ही सवय रोजची करू नका, अर्धवट लॉक लावून दिवसभर चालवलं तर लॉकचा पॅड आणि जिब दोन्ही घासतात.

स्लॉट रुंद का होतो, हे याच्याच पोटातलं. पूर्ण रुंदीचा स्लॉट मारताना कटरच्या पुढच्या तोंडावरचे दात बाजूकडे कापत असतात. त्यांचा धक्का जॉबला कटरच्या चालीच्या उजवीकडे ढकलतो, आणि कटर स्वतः डावीकडे वाकतो. दोन्ही गोष्टी मिळून डावी भिंत जास्त कापली जाते. मग त्याच कटरने "साफ करायला" परत मागे आणलं की आता दुसरी भिंत डावी झाली, तीही कापली जाते. 16 च्या कटरचा 16.2 स्लॉट असाच होतो. स्लॉट मापात हवा असेल तर 14 च्या कटरने आधी मधून काढा, मग दोन्ही भिंती वेगवेगळ्या, अप मिलिंगने फिनिश करा. आणि स्लॉट एक्समध्ये (टेबलच्या लांबीच्या दिशेने) चालला असेल तेव्हा वायचं (आडव्या दिशेचं) लॉक लागलेलंच हवं.

जो अक्ष चालत नाही त्याला लॉक

या पोस्टमधली एकच गोष्ट घेणार असाल तर ही घ्या. मी नवीन मुलांना मशीनवर उभं केलं की हीच सवय लावतो. एक मुलगा पॉकेट (जॉबमध्ये चौकोनी खोलगट भाग) करताना प्रत्येक कोपऱ्यावर लॉक न बदलताच वळायचा. विचारलं तर म्हणाला, "सर, दर वेळेस लॉक करत बसलो तर वेळ जातो." त्याच्या पॉकेटच्या चारही कोपऱ्यांत नखाला लागेल असा खड्डा होता. लॉक बदलून केलेल्या पुढच्या पॉकेटमध्ये तो नव्हता, आणि त्यानंतर वेळेचा विषय त्याने काढला नाही.

लॉक नसताना अक्ष का सरकतो, स्क्रू तर साधा, स्वतः अडणारा असतो ना? स्थिर असताना अडतो. 25 मिमी व्यासाच्या, 5 मिमी पिचच्या स्क्रूचा चढ साधारण 4 अंशांचा. एवढ्या चढावर घर्षणच त्याला रोखून धरतं. पण कटर खडखडायला लागला की घर्षणाची पकड क्षणोक्षणी सुटते आणि स्क्रू कणाकणाने फिरतो. त्यात एका बाजूला मूठ असलेलं हँडल असेल तर मुठीचं वजन त्याला खाली खेचतं. लॉक न लावता सोडलेलं हँडल रफिंगनंतर मूठ खाली जाऊन थांबलेलं तुम्ही पाहिलं असेल, ते हेच. डीआरओ (टेबलची जागा आकड्यांत दाखवणारा डिजिटल डिस्प्ले) असेल तर त्यावर 0.01, 0.02 असं चढत जाताना दिसतं. डीआरओ बसवला की बॅकलॅशची चिंता मिटली असं समजणारे खूप आहेत. माप बघण्यापुरती मिटली, हे खरं. टेबल कुठे आहे ते डीआरओ अचूक सांगतो. त्याला धरून ठेवायचं काम मात्र तो करत नाही.

आता लॉकचा स्वतःचा त्रास. लॉकचा लिव्हर फिरवल्यावर आतला पिन जिबला दाबतो आणि जिब स्लाइडवर बसते. म्हणजे लॉक आवळताना जिब सरकते आणि तिच्याबरोबर टेबल थोडं वळतं. टेबलच्या बाजूला डायल लावून लॉक आवळून बघा. 0.01 पर्यंत ठीक. 0.03-0.05 फिरत असेल तर बोअर वाकड्या जागी जाणारच. यावर दोन गोष्टी करा. पहिली, सेंटर शोधताना आणि शून्य लावताना लॉक आवळलेलंच ठेवा, आणि काम करतानाही तेवढ्याच जोराने आवळा. दुसरी, जिबची फट बघा, कारण फट जितकी जास्त तितकं लॉक टेबलला जास्त हलवतं.

लॉक धरतच नसेल तर तीन जागा बघा. लिव्हर पूर्ण आवळला जायच्या आधीच सॅडलला टेकतो का? टेकत असेल तर पिनचं टोक किंवा पॅड झिजलंय. लिव्हर काढून दोन दात मागे बसवला की तात्पुरतं भागतं, खरा उपाय नवा पॅड. पिन आणि जिब यांच्यामध्ये घट्ट झालेलं तेल-कचऱ्याचं लोणी असतं का? पिन काढून पुसा. आणि पिन परत घालताना त्याचं तिरकं टोक जिबच्या उताराशी जुळतंय का? डव्हटेलच्या मशीनवर हे टोक मुद्दाम तिरकं केलेलं असतं. पिन फिरून उलटा बसला तर एकाच कडेवर टेकतो, धरत नाही आणि जिबवर खड्डा पाडतो. लिव्हरला पाइप लावून आवळायची सवय असेल तर ती आजच बंद करा, जिब वाकलेली मशीन मी बरीच पाहिली आहेत.

जिब: आता आवळा, पण मोजून

फट मोजायला टेबल मध्यावर आणा, लॉक सोडा, टेबलच्या एका टोकाला बाजूने डायल लावा आणि ते टोक हाताने पुढे-मागे ढकला. टोक जिबपासून लांब असल्याने फट मोठी होऊन दिसते. जिब 250 मिमी लांब आणि फट 0.02 असेल तर मध्यापासून 500 मिमीवरच्या टोकाला ती साधारण 0.04 दिसेल. टोकाला 0.05 च्या आत असेल तर जिबला हात लावू नका. 0.1 च्या वर असेल तर लावा.

जिब पाचरीसारखी असते, जाड टोकाकडून आत ढकलली की फट कमी होते. काही मशीनवर दोन्ही टोकांना स्क्रू असतो, तिथे बारीक टोकाचा स्क्रू आधी सैल करायचा, मग जाड टोकाचा आवळायचा, आणि शेवटी बारीक टोकाचा परत टेकवून ठेवायचा. नाही टेकवला तर जिब स्लाइडबरोबर मागे-पुढे सरकते आणि टेबल एका दिशेला सैल, दुसऱ्या दिशेला घट्ट असं विचित्र चालतं. पाव-पाव फेरा आवळा आणि दर वेळी टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. इथेही मध्य झिजलेला आणि टोकं घट्ट. टोकाला चालेल इतपतच आवळता येतं.

आवळायच्या आधी जिब बाहेर काढून पुसलीत तर सगळ्यात चांगलं. कास्ट आयर्नची काळी धूळ तेलात मिसळून तिच्यावर जमते आणि फट कमी असल्याचा भास होतो. तेल स्लाइडवेचंच, 68 ग्रेडचं वापरा. हायड्रॉलिक तेल घातलं की टेबल अडखळत, झटके देत चालतं, आणि बारीक फीडला हेही नको असलेलं सरकणंच आहे.

नीबद्दल थोडंच. त्याच्या वजनाने स्क्रूचा बॅकलॅश आपोआप एका बाजूला जातो, म्हणून त्रास कमी. फक्त खाली आणताना तो कधी कधी स्लाइडवर अडकतो आणि कट सुरू झाल्यावर खाली बसतो. खोली लावताना हवी त्यापेक्षा एक फेरा खाली उतरा, मग वर येऊन माप पकडा आणि लॉक करा.

बॉल स्क्रू बसवण्याआधी

बॅकलॅशला कंटाळून हाताच्या मशीनवर बॉल स्क्रू बसवायची टूम आहे. बॅकलॅश जातो हे खरं. पण बॉल स्क्रूची कार्यक्षमता 90 टक्क्यांच्या वर असते, घर्षण जवळजवळ नाही. जे घर्षण साध्या स्क्रूला जागेवर रोखतं तेच इथे गायब होतं, आणि कटरने टेबल ढकललं की हँडल उलटं फिरतं. सीएनसीवर मोटर स्क्रूला धरून ठेवते, हाताच्या मशीनवर ते काम तुमच्या मनगटावर येतं. बसवायचाच असेल तर तीनही लॉक आधी ठणठणीत करा आणि चालत्या अक्षाला घर्षणाचा वेगळा ब्रेक ठेवा. ऑटो फीडचं युनिट असेल तर त्याचा क्लच सुटल्यावर स्क्रू मोकळा होतो का, तेही बघून घ्या.

स्क्रू-नट बदलूनही मध्यावर टेबल सैल आणि टोकाला घट्ट राहत असेल, तर स्लाइडच झिजली आहे. ती स्क्रॅपिंग किंवा ग्राइंडिंग करूनच सरळ होते. तोपर्यंत व्हाइस टेबलच्या मध्यावरून उचलून 200-250 मिमी बाजूला, कमी झिजलेल्या भागात स्लाइड चालेल असा बसवा आणि मापाची कामं तिथेच घ्या.